घरातला साक्षीदार

गुन्हेगार टोळ्यांवरच्या चित्रपटांत अलीकडे एक नवा साक्षीदार उभा राहिला आहे. तो पोलीस नव्हे, पत्रकार नव्हे. टोळीप्रमुखाच्या घरातलाच माणूस. कुठे मुलगा सांगतो, कुठे बहीण, कुठे आई. आतल्या माणसाने सांगितले म्हणजे ते खरे, अशी आपल्या समीक्षेची एक भाबडी समजूत आहे. दलित आत्मकथनांमुळे ती बळकट झाली, हे मी नाकारत नाही. परंतु १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा त्याचे बळ केवळ आतून सांगण्यात नव्हते. निवेदकाने बापाला झाकले नाही, स्वतःलाही झाकले नाही. घरची लक्तरे वेशीवर टांगली म्हणून आपल्यातलेच काही शिकलेले लोक नाराज झाले. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे : हा घरातला साक्षीदार कोणाच्या बाजूने बोलतो? आणि त्याच्या कथनात दुसऱ्यांच्या घरातल्या मेलेल्यांना काही जागा आहे काय?

‘हसीना पारकर’ (२०१७) ह्या हिंदी चित्रपटात दाऊदची बहीण न्यायालयात प्रश्नांना उत्तरे देते आणि त्यांतून तिचे आयुष्य उलगडते. भाऊ गुन्हेगार, त्यात बहिणीचा काय दोष, हा त्याचा सूर. प्रश्न खोटा नाही. रक्तावरून माणसाला दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसे मेली. ती येथे बहिणीच्या दुःखाची पार्श्वभूमी तेवढी होतात. (भावाबहिणीचे काम खऱ्या भावाबहिणीने केले, ह्याचेच कौतुक जास्त झाले.)

ह्याहून प्रामाणिक म्हणजे निकोलास एंतेल ह्यांचा ‘पेकादोस दे मी पाद्रे’ (२००९), म्हणजे ‘माझ्या बापाची पापे’, हा माहितीपट. कोलंबियाचा कोकेनसम्राट पाब्लो एस्कोबार ह्याचा मुलगा नाव बदलून अर्जेंटिनात राहिला. तो बापावरचे प्रेम लपवत नाही आणि बापाने मारलेल्यांच्या मुलांसमोर मान खाली घालतो. समोर कोण? १९८४ साली मारल्या गेलेल्या न्यायमंत्री लारा बोनियाचा मुलगा, १९८९ साली मारल्या गेलेल्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे, गालानचे मुलगे. हा प्रसंग मला हलवून गेला, हे सांगितले पाहिजे. तरीही एक गोष्ट खटकत राहिली. त्याच १९८९ साली एस्कोबारच्या टोळीने उडवलेल्या विमानात १०७ माणसे होती. मेदेयिनच्या रस्त्यांवर पोलीस शिपाई शेकड्यांनी मारले गेले. त्यांच्या पोरांना ह्या बैठकीत पाट मांडलेला नाही. क्षमा मागायची तीही मोठ्यांच्याच दारी!

म्हणून मला मार्को तुल्लिओ जोर्दाना ह्यांचा ‘इ चेंतो पासी’ (२०००) हा इटालियन चित्रपट महत्त्वाचा वाटतो. ‘शंभर पावले’ हे त्याचे नाव. सिसिलीतल्या चिनिसी गावात पेप्पिनो इम्पास्तातोचे घर आणि माफियाप्रमुख बादालामेंतीचे घर ह्यांतले हे अंतर. पेप्पिनोचा बाप त्या गोटातला. आत्येचा नवरा चेझारे मांझेल्ला हा गावचा जुना म्होरक्या, १९६३ साली बॉम्बने उडवला गेला. अशा घरातला मुलगा डावा झाला, बापाने घराबाहेर काढला. १९७७ साली त्याने ‘रेडिओ आउत’ सुरू केला आणि बादालामेंतीची नाव घेऊन टिंगल केली. ज्याला गाव वाकून नमस्कार करते त्याला हसणे हा केवढा मोठा नकार आहे, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ९ मे १९७८ च्या पहाटे रेल्वेच्या रुळावर त्याच्या देहाच्या चिंधड्या सापडल्या. बॉम्ब लावताना स्वतःच मेला, असे पोलीस म्हणाले. मारून वर मेलेल्यालाच गुन्हेगार ठरवायचे, ही रीतही आपल्या ओळखीची.

ह्यानंतरचा खरा साक्षीदार म्हणजे आई, फेलिचिया. नवरा त्या गोटातला, मुलगा त्याविरुद्ध उभा राहिलेला, आणि ती मधे. तिने सूड नाकारला आणि न्यायालयाची वाट धरली. घराण्याच्या दृष्टीने सूड ही निष्ठा होती आणि न्यायालय ही फितुरी. १९८६ साली तिची कथा पुस्तकरूपाने आली. पडद्यावर मात्र ती बरीचशी स्वयंपाकघरातच राहते. नायकाच्या तेजात आई झाकून जाते, हा दोष मी लहान मानत नाही. बादालामेंतीला जन्मठेप झाली ती २००२ साली. चोवीस वर्षे तिने कशी काढली, ह्याचा चित्रपट अजून मला पाहायचा आहे.

तरी ह्या चित्रपटाला माझ्या लेखी वेगळे वजन आहे, त्याचे एक कारण पटकथाकारांत आहे. तिघांपैकी एक क्लाउदिओ फावा. त्याचा बाप, पत्रकार जुझेप्पे फावा, १९८४ साली कातानियात माफियाने मारला. म्हणजे माफियाच्या घरातल्या मुलाची गोष्ट माफियाने मारलेल्याच्या मुलाने लिहिली. पूर्वार्धात विमानतळाच्या धावपट्टीसाठी चिनिसीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जातात आणि पेप्पिनो त्यांच्या बाजूने उभा राहतो. त्या शेतकऱ्यांवर कॅमेरा आणखी थोडा वेळ थांबायला हवा होता.