नन्दिमुखी रत्ति

पालि साहित्यात पहाटेसाठी 'पच्चूस' आहे, 'अरुण' आहे. पण 'नन्दिमुखी रत्ति' या शब्दाची गोडी निराळी. ऋग्वेदातील उषा ही देवता. तिची स्तुती करावयाची, तिच्याकडे धन मागावयाचे. येथे कोणी देवता येत नाही. रात्रीचेच मुख प्रसन्न होते. प्रकाशावर जगणाऱ्या प्राण्यांना आनंदविणारे जिचे मुख, असा अर्थ उदानाच्या अट्ठकथेत धम्मपालाचार्य देतात. (नांदीश्राद्धातील 'नांदीमुख' पितरांशी या शब्दाची गल्लत करू नये.)

भिक्खूंना पहाट ही केवळ काव्याची वस्तू नव्हती. अरुणोदयापासून मध्यान्हापर्यंतच भोजन, हा विनय. कान्हेरीच्या दानलेखांत आपल्या कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यांच्या दानावर वस्ती करणाऱ्या संघाचा दिवसही या अरुणानेच मोजला जात असणार.

उदानातील उपोसथसुत्तात हा शब्द ज्या ठिकाणी येतो, ते ठिकाणच त्याला अर्थ देते. सावत्थीच्या पुब्बारामात संघ जमला आहे. पहिला प्रहर सरतो. पातिमोक्ख सांगावे, अशी आनंद विनंती करतात. तथागत मौन. मधला प्रहर सरतो, पुन्हा मौन. शेवटी आनंद म्हणतात की अरुण उगवला, रात्र नन्दिमुखी झाली. उत्तर मिळते ते एवढेच: परिषद परिशुद्ध नाही.

हा शब्द आनंदांच्या तोंडी आहे, तथागतांच्या नव्हे. आनंदांना पहाट पुरेशी वाटते. रात्र प्रसन्न झाली तरी आत एक दुःशील बसलेला आहे, आणि त्याला कोणी उठविलेले नाही.

सुरेश भटांच्या 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटातील गीतात उषःकालच फसवा ठरतो. उदानातील प्रसंग त्याहून कठोर आहे. येथे पहाट खरीच झाली आहे. आपल्या कवितेत मात्र १९५६ नंतरची पहाट पुष्कळदा उगवून पूर्ण झालेली असते. अंधार गेला, सूर्य आला, आणि कविता तेथेच विसावते. परिषदेत कोण बसले आहे, हे पाहण्याचे कष्ट ती फारच क्वचित घेते. प्रस्तुत लेखकाला हा प्रतिमेचा नव्हे, दृष्टीचा दोष वाटतो.

सुत्तात पुढे महामोग्गल्लान त्या मनुष्याला ओळखतात. तीनदा ऊठ म्हणूनही तो उठत नाही, तेव्हा त्याला दंडाला धरून बाहेर काढतात व दाराला अडसर घालतात. तथापि तथागत त्यानंतर पातिमोक्ख सांगत नाहीत. यापुढे ते तुम्हीच सांगा, असे ते भिक्खूंना म्हणतात.