स्वतंत्रतावाद आणि मालमत्तेचा हक्क : महाराष्ट्राच्या अनुभवाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मालमत्तेचा हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा परस्परसंबंध हा आधुनिक राजकीय विचारातील एक मूलभूत प्रश्न आहे. लिबर्टेरियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, येथे ‘स्वतंत्रतावाद’ असे संबोधिलेल्या विचारधारेने या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले आहे. माणूस स्वतःच्या देहाचा आणि श्रमाचा मालक असतो. श्रमातून व स्वेच्छेच्या देवघेवीतून त्याला जे मिळते, ते त्याचे असते. त्याच्या संमतीवाचून ते काढून घेणे हे त्याच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण होय. म्हणून जीवित, मालमत्ता व करार यांचे रक्षण एवढेच राज्यसंस्थेचे कार्य असावे, अशी ही भूमिका आहे.

आपल्याकडे या विचाराची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. समर्थक त्यास नियंत्रणमुक्तीचा अर्थशास्त्रीय कार्यक्रम मानतात, तर विरोधक त्यास धनिकांच्या हिताचे तत्त्वज्ञान म्हणतात. या विचारातच मालमत्तेची परीक्षा करणारी जी कसोटी अंतर्भूत आहे, तिच्याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष होते. सदर कसोटी महाराष्ट्रातील जमीनधारणेच्या व शेतकरी चळवळीच्या अनुभवास लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नॉझिक यांची त्रिसूत्री

स्वतंत्रतावादाची सर्वांत काटेकोर तात्त्विक मांडणी रॉबर्ट नॉझिक यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲनार्की, स्टेट अँड युटोपिया’ या ग्रंथात आढळते. संपत्तीचे वाटप कसे दिसते यावरून ते न्याय्य की अन्याय्य हे ठरत नाही. ते कसे घडून आले यावरून ठरते, असे नॉझिक यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी तीन तत्त्वे सांगितली. पहिले, जी वस्तू कोणाचीच नव्हती तिचे न्याय्य संपादन. दुसरे, संमतीने होणारे न्याय्य हस्तांतरण. आणि तिसरे, या दोन तत्त्वांचा भंग होऊन जी मालमत्ता हाती आली असेल तिच्याबाबत झालेल्या अन्यायाचे परिमार्जन.

पहिल्या तत्त्वामागे जॉन लॉक यांचा श्रमसिद्धांत आहे. दुसरे तत्त्व बाजारपेठेचा नैतिक आधार ठरते. तिसरे तत्त्व मात्र नॉझिक यांनी मोजक्या पानांत आटोपले आहे. तरीही त्यांचा प्रामाणिकपणा असा की, भूतकाळातील अन्याय मोठे असतील तर त्यांच्या निवारणासाठी काही काळ अधिक व्यापक राज्यसंस्थाही आवश्यक ठरू शकेल, ही शक्यता त्यांनी नाकारली नाही. परिमार्जनाचे तत्त्व वगळले, तर उरलेल्या दोन तत्त्वांवर उभा राहणारा मालकीचा दावा केवळ ताब्याचा दावा ठरतो. स्वतंत्रतावादाची खरी परीक्षा येथेच होते.

राज्यघटना आणि मालमत्तेचा हक्क

भारतीय राज्यघटनेने आरंभी अनुच्छेद १९(१)(च) व ३१ अन्वये मालमत्तेचा हक्क मूलभूत मानला होता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१-अ, ३१-ब आणि नववे परिशिष्ट समाविष्ट करण्यात आले. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षित ठेवणे हा त्यामागील हेतू होता. प्रारंभी १३ कायद्यांचे असलेले हे परिशिष्ट पुढे २८४ कायद्यांपर्यंत विस्तारले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क रद्द होऊन तो अनुच्छेद ३००-अ अन्वये केवळ घटनात्मक हक्क उरला.

या वाटचालीस पहिला संघटित वैचारिक विरोध स्वतंत्र पक्षाने केला. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातील सहकारी शेतीच्या ठरावाच्या पार्श्वभूमीवर १९५९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा प्रभृतींनी या पक्षाची स्थापना केली. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षास ४४ जागा मिळाल्या. परवाना पद्धतीवरील त्याची टीका पुढील काळाने बरीचशी खरी ठरवली. तथापि माजी संस्थानिक व मोठे जमीनदार हा त्याच्या आधाराचा एक महत्त्वाचा भाग होता. ज्यांच्या जमिनींचा उगम श्रमात नव्हे तर सनदा व इनामांत होता, त्यांच्याकडून परिमार्जनाचा प्रश्न उपस्थित होणे संभवनीय नव्हते.

शेतकरी संघटना : विक्रीच्या हक्काची मांडणी

महाराष्ट्रात या विचारास वेगळा सामाजिक पाया लाभला तो शरद जोशी यांच्यामुळे. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते चाकणनजीक आंबेठाण येथे कोरडवाहू शेती करू लागले. चाकणच्या कांदा उत्पादकांच्या प्रश्नातून उभी राहिलेली त्यांची शेतकरी संघटना अल्पावधीत राज्यभर पसरली. शेतमालास रास्त भाव या मागणीचा गाभा अनुदानाचा नव्हता. सरकार निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा व सक्तीची खरेदी या मार्गांनी शेतमालाचे भाव पाडते आणि शेतकऱ्याच्या श्रमाचे फळ हिरावून घेते, असा जोशी यांचा युक्तिवाद होता. १९९४ साली त्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र भारत पक्षाचे नावही जुन्या परंपरेशी नाते सांगणारे होते.

या मांडणीचे तात्त्विक मोल मोठे आहे. जमीन नावावर आहे, पण पिकवलेला कापूस एकाधिकार खरेदी योजनेखेरीज अन्यत्र विकता येत नाही, अशा स्थितीत मालकीचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न तिने विचारला. मालमत्तेचा हक्क म्हणजे केवळ धारणेचा हक्क नसून विनियोगाचा व विक्रीचाही हक्क होय, हे सूत्र विदर्भ-मराठवाड्यातील अल्पभूधारकापर्यंत पोहोचले. स्वतंत्रतावाद हे केवळ धनिकांचे तत्त्वज्ञान आहे, हा आक्षेप या ठिकाणी टिकत नाही.

मात्र ही मांडणी संपादन व हस्तांतरण या दोन तत्त्वांभोवतीच प्रामुख्याने फिरते. सातबारावर ज्याचे नाव आहे तो मालक, हे गृहीत धरूनच ती पुढे जाते. ते नाव तेथे कसे आले आणि कोणाचे नाव तेथे कधीच आले नाही, हा प्रश्न मागे राहतो.

परिमार्जनाचा प्रश्न

महाराष्ट्रापुरते पाहता या प्रश्नाची किमान तीन रूपे संभवतात.

पहिले रूप जातीशी निगडित आहे. महार वतनाची जमीन वंशपरंपरागत सेवेच्या बंधनासह दिलेली होती. ही पद्धत बदलण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकामगार वतने प्रत्यक्षात १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. परंतु पुनःप्रदान केलेल्या जमिनींवर हस्तांतरणाचे निर्बंध कायम राहिले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहाची मागणीही जमिनीचीच होती. शेतमाल विकण्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या चळवळीने वतनी जमिनींच्या धारकांचे अपुरे स्वामित्व हा प्रश्न तितक्याच आग्रहाने हाती घेतल्याचे दिसत नाही. वस्तुतः स्वतंत्रतावादी दृष्टीने तो तेवढाच महत्त्वाचा होता.

दुसरे रूप आदिवासींच्या जमिनींचे आहे. ज्या १९७४ साली नॉझिक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच सालच्या महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतच्या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली. कागदोपत्री वैध असलेली खरेदीखतेही तिच्या कक्षेत आली, आणि सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. हस्तांतरणाच्या तत्त्वास हे थेट आव्हान आहे. संमती नोंदलेली असणे आणि संमती मुक्त असणे यांत अंतर असते, हे त्यातून स्पष्ट होते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत तर ऐतिहासिक अन्यायाचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. जंगलावरील राज्याची मक्तेदारी येथे संपली, पण तिची जागा व्यक्तीने नव्हे तर ग्रामसभेने घेतली. व्यक्ती हेच एकमेव एकक मानणाऱ्या स्वतंत्रतावादाने या उदाहरणाचा विचार करावयास हवा.

तिसरे रूप स्त्रियांचे आहे, आणि शरद जोशी यांचे सर्वांत मौलिक कार्य याच क्षेत्रातील आहे. नोव्हेंबर १९८६ मधील चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर विकसित झालेल्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन करण्यात आले. त्यामागील तर्क चळवळीच्या मूळ भूमिकेशी सुसंगत होता. शेतकऱ्याच्या घामाचे दाम मिळावेत अशी मागणी करणाऱ्याने घरातील स्त्रीच्या विनामोबदला श्रमाचे ऋणही मान्य केले पाहिजे. हजारो कुटुंबांनी या आवाहनास प्रतिसाद दिला. कायद्याच्या सक्तीवाचून, मालकाच्याच संमतीने घडलेले परिमार्जन म्हणून या प्रयोगाचे महत्त्व असाधारण आहे. नॉझिक यांच्या ग्रंथात ज्या तत्त्वाचे केवळ सूतोवाच आहे, त्याचा प्रत्यक्ष प्रयोग महाराष्ट्रातील खेड्यांत झाला असे म्हणता येईल.

या प्रयोगाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. जे देणे ऋण म्हणून मान्य केले, ते ऋणकोच्या औदार्यावर सोपवले गेले. ज्याने प्रतिसाद दिला नाही, त्याच्या पत्नीस कोणताच मार्ग उरला नाही. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा देण्याचे काम अखेर महाराष्ट्राच्या १९९४ च्या व केंद्राच्या २००५ च्या कायद्याने केले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा व्यापक अर्थ निश्चित केला. व्यक्तिगत मालमत्ताधारकांची संख्या येथे राज्याच्या हस्तक्षेपानेच वाढली. हे स्वतंत्रतावादाच्या विरोधातील नव्हे, तर त्याच्या तिसऱ्या तत्त्वाच्या समर्थनातील उदाहरण आहे.

वर्तमान राजकारणातील सुसंगतीचा प्रश्न

अलीकडील घटनांनी या विचारापुढे सुसंगतीचा प्रश्न उभा केला आहे. २०२० मध्ये संमत झालेले तीन कृषी कायदे बाजार समितीबाहेर विक्रीची मुभा देणारे होते. शेतकरी संघटनेने त्यांचे समर्थन केले, तर पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये ते रद्द झाले. आशयाने विक्रीचे स्वातंत्र्य वाढवणारे हे कायदे ज्यांच्यासाठी होते त्यांच्याशी पुरेशा विचारविनिमयाविना, प्रथम अध्यादेशाद्वारे आणले गेले. संमतीस सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या विचारधारेने आशयाइतकेच प्रक्रियेलाही महत्त्व देणे अपेक्षित आहे.

दुसरे उदाहरण २०१५ साली महाराष्ट्रात अमलात आलेल्या प्राणिरक्षण कायद्यातील दुरुस्तीचे आहे. तिने बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी घातली. भाकड जनावर हे शेतकऱ्याच्या दृष्टीने अडचणीच्या काळातील भांडवल असते. त्याची बाजारपेठ बंद करणे म्हणजे मालमत्तेचे मूल्य मोबदल्यावाचून घटवणे होय. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी वैध ठरवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम खाजगीपणाच्या हक्काशी विसंगत म्हणून रद्द केले. शेतकऱ्याचा विक्रीचा हक्क आणि नागरिकाचे आहारस्वातंत्र्य या एकाच कायद्यात एकत्र आले. निर्यातबंदीस विरोध करणाऱ्याने या बंदीबाबत मौन पाळले, तर त्याचा स्वतंत्रतावाद निवडक ठरतो.

तिसरे उदाहरण मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचे आहे. म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेल्या आठ-अ प्रकरणास मालकांनी आव्हान दिले. त्या प्रकरणात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. स्वतंत्रतावाद्यांनी याचे स्वागत करणे स्वाभाविक आहे. परंतु त्या जुन्या इमारतींत दशकानुदशके राहिलेल्या भाडेकरूंच्या दाव्याचे काय, हा प्रश्न त्या तत्त्वाने आपोआप सुटत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मालमत्तेचा हक्क दुर्बल झाला तर सर्वप्रथम दुर्बलांचेच स्वातंत्र्य धोक्यात येते, हा स्वतंत्रतावादाचा इशारा महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या अनुभवाने सार्थ ठरवला आहे. तथापि हा हक्क पवित्र मानावयाचा असेल, तर तो ज्यांना नाकारला गेला त्यांच्याबाबतही तो तितकाच पवित्र मानला पाहिजे. परिमार्जनाचे तत्त्व हे या विचारधारेवर बाहेरून लादलेले समाजवादी बंधन नव्हे. ते तिच्याच तर्काचा अपरिहार्य भाग आहे. लक्ष्मीमुक्तीने त्याची दिशा दाखवली होती. ती वतनी जमिनींच्या धारकापर्यंत, वनहक्काच्या दावेदारापर्यंत व भूमिहीनापर्यंत नेणे हे या विचारपरंपरेचे अपूर्ण राहिलेले कार्य आहे.