कौशल्यांची यादी

गोष्टींतील पात्र होऊन खेळावयाचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकन खेळ १९७४ सालीं निघाला, तेव्हां त्यांत कौशल्यांची यादी नव्हती. दबकत चालावयाचें तर खेळाडूनें युक्ति सांगावी, पंचानें निवाडा द्यावा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणींत चोराचें पात्र आलें, त्याच्या दबकण्यास शेंकडेवारी लाभली. आणि जें कोणीहि करून पाही तें एकट्या चोराचें वतन झालें! घरच्या घरीं नियम रचणारे हौशी लोक यादी वाढवितात ती हें विसरून. 'रूनक्वेस्ट'च्या (१९७८) कर्त्यांचीहि यादी लांबच. परंतु तेथें कौशल्यें सर्वांस खुलीं, आणि कौशल्य जितकें अधिक तितका तें आणखी वाढण्याचा संभव कमी. हा नियम मात्र एखाद्या मुरलेल्या पंतोजीस सुचावा असा आहे.