नक्षी पाहावी की नेम?

आज आपण एका अवघड छंदाकडे पाहणार आहोत. जुनी, दुर्मीळ, कोरीव नक्षीची रिव्हॉल्व्हरं जमवण्याचा छंद. संग्राहक म्हणतात, ‘आम्ही हत्यारं नाही, कला जमवतो.’ हे म्हणणं जरा तपासून बघू.

कोल्टचं १८५१ चं नेव्ही रिव्हॉल्व्हर घ्या. त्याच्या फिरत्या सिलिंडरवर १६ मे १८४३ ची, टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची लढाई कोरलेली असते. चित्र ऑर्म्सबी यांचं, आणि हे गृहस्थ मुळात नोटांचे ठसे कोरणारे! पोलादी ठसा सिलिंडरवर दाबून फिरवायचा, की चित्र उमटलं. नोटेवर नक्षी कशासाठी असते? नक्कल अवघड व्हावी म्हणून. इथेही तोच हेतू होता. अशी रिव्हॉल्व्हरं दोन लाखांवर निघाली, त्यामुळे हे चित्र काही दुर्मीळ नाही. संग्राहक धावतात ते गुस्ताव्ह यंगसारख्या कारागिरांनी हातानं वेलबुट्टी कोरलेल्या मोजक्या नगांमागे.

आता कान्टला विचारू. काही सौंदर्य वस्तू कशासाठी आहे हे बाजूला ठेवून अनुभवता येतं, काही नाही. चर्चच्या इमारतीवर डोळ्यांना आवडेल ते सगळं चढवता येत नाही, कारण ते चर्च आहे, असं तो सांगतो. आम्हाला वाटतं, हत्याराचंही तसंच आहे. वेलबुट्टी सुंदर आहे, हे खरंच. पण ती कशावर आहे हे विसरून तिच्याकडे पाहणं म्हणजे अर्धंच पाहणं.

बाजार मात्र विसरायलाच शिकवतो. जे कधी झाडलंच नाही, त्याला किंमत जास्त! उलट पुण्याच्या केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते बघा. तिथे वापर हा डाग नाही. सुपारी कातरणारा हात आपल्याला नक्षीसकट दिसतो.

आपल्याकडचा कायदा जास्त स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट जुन्या धाटणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला मिळते, पण केव्हा? दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून चालणार नसेल तेव्हा. नक्षी कितीही सुरेख असो, कायदा आधी विचारतो, ‘हे झाडता येतं का?’ सौंदर्यशास्त्रातला हा प्रश्न एखाद्या कलमानं इतका नेमका पकडावा, याची गंमत वाटते.

आणि आपण बसलोय पनवेलमध्ये. इथून जवळच शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८७८ च्या कायद्यानं सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं. युरोपियनांना मात्र सूट होती. १८७९ मध्ये फडक्यांनी बंड केलं. म्हणजे ज्या काळातली ही नक्षी, त्याच काळात हत्यार कुणी धरायचं हे सरकार ठरवत होतं. हे काचेच्या कपाटात कुठे दिसतं? चिठ्ठीवर कारागीर असतो, साल असतं, स्थिती असते. ते कुणाच्या हातात असू शकत होतं आणि कुणाच्या नाही, एवढंच नसतं.

छंद सोडा, असं आम्ही म्हणत नाही. जपलेली वस्तू ही जपलेली साक्ष असते. पण साक्षीदाराला फक्त त्याच्या कपड्यांबद्दल विचारून कसं चालेल? त्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहा, एवढंच मागणं. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.