माओरी मुखचित्रे व मेळघाटातील गोंदण

मेळघाटातील कोरकू स्त्रियांचे गोंदण हे वऱ्हाडचे एक अलिखित साधन होय. ते चित्ररूपाने संग्रहित करताना कोणती सावधगिरी हवी, हे न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या जुन्या कोरीव चित्रांवरून कळते.

कुकच्या पहिल्या सफरीतील चित्रकार सिडनी पार्किन्सन याने १७६९ त माओरी मुखे रेखाटली. १७७१ त तो वारला. १७७३ त लंडनात ती चित्रे तांब्यावर कोरून छापली गेली. कोरणारा कुशल, तथापि त्याने माओरी मुख पाहिलेले नव्हते. ‘मोको’ हा छिन्नीने कातडीत चर पाडून काढीत. चित्रात चर आणि गालाची छाया, दोहोंस साधन एकच, रेघ. शिवाय एका चित्राखाली ‘सरदार’ एवढेच, नाव नाही.

याउलट इंग्लंडास गेलेल्या ते पेही कुपे याने आपला मोको आरशाविना स्वहस्ते काढला. १८३० च्या ‘द न्यू झीलंडर्स’ या ग्रंथात तो छापला आहे. तेथे रेघेचा जाणता स्वतः धारणकर्ताच आहे.

रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोरकूंचे वर्णन जमात म्हणून येते. आता नमुना घेणाऱ्याने बाईची संमती, तिचे गाव आणि तिनेच सांगितलेला अर्थ नोंदवावा. अर्थावाचून उरलेली आकृती केवळ नक्षी होय. तिला इतिहासाचे साधन म्हणता येणार नाही.