बेगमपुरा आणि उत्तरकुरू

संत रविदासांचे बेगमपुऱ्याचे पद गुरु ग्रंथसाहिबात गौडी रागात आहे. त्या नगरीत दुःख नाही, कराची धास्ती नाही, दुसरा-तिसरा दर्जा नाही. आणि शेवटी कवी स्वतःला चर्मकार म्हणवून सहनागरिकाला मित्र मानतो. या स्वप्नाशेजारी पालि वाङ्मयातील उत्तरकुरू ठेवून पाहावा. दीघनिकायाच्या आटानाटिय सुत्तात तेथील माणसे ममत्वहीन व अपरिग्रही आहेत, नांगराविना साळी पिकते; परंतु तेथेच स्त्री-पुरुषांना, कुमार-कुमारींना वाहन करून फिरणारेही आहेत. परिग्रह गेला, तरी माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरले नाही. येथे रविदासांची दृष्टी अधिक निर्मळ ठरते.

मात्र ही नगरी वसवावी कशी, हे पद सांगत नाही. अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातात त्याची दिशा आहे : शौर्य, स्मृती आणि ब्रह्मचर्यवास, म्हणजेच धम्मजीवन, यांत जंबुद्वीपवासी उत्तरकुरूच्या माणसांहून श्रेष्ठ होत. आपणास मायभूमी नाही, असे १९३१ साली गांधीजींना सांगणाऱ्या बाबासाहेबांनी १९५६ साली याच भूमीत धम्मदीक्षा घेतली. ताडकळसच्या शिवारात ज्वारी आपोआप पिकत नाही. म्हणून श्रम विसरणारा उत्तरकुरू नव्हे, तर श्रमिकाला मित्र म्हणणारा बेगमपुराच आपणास येथे वसवावयाचा आहे.