अंतर्जगताचा शोध आणि शेजारची खाट

मानसिक व्याधीने ग्रासलेल्या माणसाकडे पाळकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा मूलगामी विचार करणाऱ्या मोजक्या ग्रंथांत अँटन बॉयसन यांच्या ‘द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड’ या १९३६ सालच्या ग्रंथाची गणना करावी लागते. तो अजूनही वाचनीय आहे. तथापि त्यातील एक उणीव आपल्या सेवाकार्याच्या दृष्टीने महत्त्वाची असल्याने तिचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

लेखक स्वतः धर्मसेवक होते. १९२० साली त्यांच्या मनाचा तोल गेला व सुमारे पंधरा महिने त्यांना मॅसॅच्युसेट्समधील मनोरुग्णालयांत काढावे लागले. १९२४ साली त्याच राज्यातील वूस्टर येथील मनोरुग्णालयात ते चॅप्लेन झाले. पुढील उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना वॉर्डात रुग्णसेवा करीत शिकण्यासाठी आणले. आज ज्याला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात, त्याचा हा एक प्रमुख उगम होय.

वूस्टरच्या १७३ रुग्णांच्या अभ्यासावर उभा असलेला हा ग्रंथ सांगतो की, काही तीव्र मनोविकार हे विस्कटलेल्या जीवनाची पुनर्रचना करण्याची धडपड असतात. माणसाला खरी जखम होते ती एकाकीपणाची. आपण आपल्या माणसांतून तुटलो, या जाणिवेची. म्हणून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुस्तकांप्रमाणेच रुग्णालाही ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ मानून आदराने वाचावे. ज्या काळी असा रुग्ण केवळ कोंडून ठेवण्याजोगा समजला जाई, त्या काळी हे सांगणे धैर्याचे होते.

परंतु दस्तऐवज वाचला जातो. तो दुसऱ्या दस्तऐवजाशी बोलत नाही. रुग्ण आणि देव, रुग्ण आणि पाळक ही नाती विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. रुग्ण आणि रुग्ण हे नाते मात्र कडेला राहते. संत पौल, जॉर्ज फॉक्स, बन्यन अशा असामान्यांचे दाखले देताना शेजारच्या खाटेवरील सामान्य माणूस दृष्टीआड होतो. जखम एकाकीपणाची असेल, तर औषध केवळ अंतर्मुखतेत कसे सापडेल?

गंमत अशी की, लेखकाचे चरित्र त्यांच्या ग्रंथाहून अधिक बोलके आहे. स्वतः आजारातून गेलेला माणूस पुन्हा त्याच प्रकारच्या वॉर्डात शिरतो, रुग्णांच्या उपासनेसाठी १९२६ साली गीतांचे पुस्तक सिद्ध करतो, १९३० व १९३५ मध्ये पुन्हा आजारी पडूनही सेवा सोडत नाही. १९३२ पासून ते इलिनॉय राज्यात एल्जिन येथे होते. तेथून जवळच, शिकागोत, १९३७ साली डॉ. अब्राहम लो यांनी बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या रुग्णांची ‘रिकव्हरी’ ही संस्था स्थापन केली. १९५२ साली तिचे नेतृत्व त्यांनी रुग्णांच्याच हाती सोपविले. बॉयसन यांनी जे जगून दाखविले, त्याला तेथे सामुदायिक रूप लाभले.

अशा सोबतीने डॉक्टर व औषध यांची गरज संपते, असे कोणी समजू नये. व्याधीला पापाची शिक्षा अथवा भूतबाधा ठरवून उपचार थांबविणे हा तर उघड अपराध होय. मात्र गोळी रोज वेळेवर घेण्याचे बळ पुष्कळदा ज्याने ती स्वतः घेतली आहे, त्याच्याच शब्दांतून मिळते. ज्या सांत्वनाने आपले सांत्वन झाले त्यानेच इतरांचे करावे, हे करिंथकरांस लिहिणाऱ्या प्रेषिताला ठाऊक होते. गरसेकरांच्या प्रदेशातील तो माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर जाऊ इच्छीत होता. प्रभूने त्याला त्याच्या स्वकीयांकडे परत पाठविले. थडग्यांत राहणारा तो आता गावाला सांगणारा झाला.

आपण रुग्णालयात भेटीस जातो, प्रार्थना करतो. पण घरी परतलेल्या त्या बंधूला वा भगिनीला मंडळीत कोणते काम देतो? बॉयसन यांचा ग्रंथ पाळकांनी व धर्मशिक्षकांनी अवश्य वाचावा. आणि तो मिटल्यावर, जो या वाटेने जाऊन आला आहे त्याला, त्याची संमती असल्यास, नव्याने आजारी पडलेल्याच्या घरी आपल्यासोबत न्यावे. तेथे आपण थोडे कमी बोलावे.